पदवीचं निव्वळ वजन

भरपाईच्या अर्जात एकतीस रकाने होते. जखमीचं वय, जखम कुठे, कशाने, किती खोल, इथपर्यंत सगळं सुरळीत भरलं गेलं. शिडी किती फुटी होती हेसुद्धा लिहून झालं. अकराव्या रकान्यापाशी मात्र वकीलसाहेबांचं पेन थांबलं. ‘अपघातसमयी मासिक उत्पन्न’ असं तिथे छापलेलं होतं आणि पुढे जेमतेम बोटभर जागा सोडली होती. सरकारला लोकांच्या उत्पन्नाचा अंदाज असतो.

वकीलसाहेबांचं ऑफिस टायरच्या दुकानाच्या माडीवर होतं. खाली हवा भरायचं मशीन सुरू झालं, की वर सगळ्यांना बोलणं थांबवावं लागे. त्याने फरक पडत नव्हता तो एकट्या मुलीला. ती आईवडिलांच्या मधल्या खुर्चीत मांडीवर वही घेऊन बसली होती, आणि चार महिने तिचं सगळं बोलणं त्या वहीतच चाललं होतं.

“काय शिकलीय म्हणालात?” मशीन थांबल्यावर वकीलसाहेबांनी विचारलं.

“एम. ए.,” वडील म्हणाले. “इंग्रजी घेऊन. फर्स्ट क्लास.”

“अरेरे,” वकीलसाहेब म्हणाले. शिडीचं ऐकून ते इतके हळहळले नव्हते.

शिडीचं प्रकरण साधं होतं. मुलगी इंग्रजी संभाषणाच्या क्लासमध्ये शिकवायची. चार महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी ती क्लासमधून बाहेर पडली आणि फुटपाथवर एका विद्यार्थिनीशी बोलत उभी राहिली. शेजारी रंगाऱ्यांची गाडी उभी होती. तिच्या टपावर शिडी बांधलेली होती आणि मागे हातभर बाहेर आलेली होती. ड्रायव्हरने आरशात पाहिलं, आरशात शिडी दिसत नव्हती, त्याने गाडी मागे घेतली. शिडीचं टोक मुलीच्या गळ्यावर बसलं. दोन ऑपरेशनं झाली. श्वास वाचला, गिळणं वाचलं, आवाज गेला. तोंड उघडलं की नुसती हवा येई, पंक्चर झाल्यासारखी.

डॉक्टरांनी तिसरं ऑपरेशन सांगितलं होतं. खर्च चार लाख ऐंशी हजार, आधी भरायचे. आणि ते सहा महिन्यांच्या आत व्हायला हवं. “त्यानंतर आतला व्रण कडक होतो,” डॉक्टर म्हणाले होते, “मग मी काही करू शकत नाही. मग तुम्ही येऊही नका.” डॉक्टर मोकळ्या स्वभावाचे होते.

उरले होते आठ आठवडे. घरची शिल्लक, वडिलांचा उरलासुरला फंड आणि आईचं दुसरं शिलाई मशीन पहिल्या दोन ऑपरेशनांत संपलं होतं. मामाने फोन उचलणं बंद केलं होतं. आत्याने उचलला होता आणि तासभर स्वतःच्या गुडघ्यांबद्दल सांगितलं होतं. राहिली होती ती ही भरपाई. गाडीचा विमा होता, देणार कंपनी होती. प्रश्न फक्त आकड्याचा होता.

“हे बघा काका,” वकीलसाहेब म्हणाले, “महिन्याचं उत्पन्न गुणिले बारा. त्याला वयाप्रमाणे सतराने गुणायचं. त्यातले पंचवीस टक्के, कारण डॉक्टरांच्या मंडळाने आवाजाला पंचवीस टक्के दिलेत.”

“पंचवीसच?” आईने विचारलं.

“पायाला चाळीस देतात. आवाजाला पंचवीस. बायकांच्या आवाजाला वेगळा दर नाही, ते एक बरं आहे,” वकीलसाहेब हसले. कोणी हसलं नाही म्हणून त्यांनी खोकून घेतलं. “तर सगळा खेळ अकराव्या रकान्याचा. तिथे दहा हजार पडले, तर ऑपरेशन होतं. तीन हजार पडले, तर नाही होत. क्लासवाल्याचा दाखला आणा.”

क्लासवाला भला माणूस होता. त्याने वडिलांना खुर्ची दिली, पाणी दिलं, डोळे पुसले. भिंतीवर त्याच्या क्लासची जाहिरात होती: ‘नव्वद दिवसांत बोलते व्हा’.

“काका, मॅडम गेल्यापासून माझी संध्याकाळची बॅच बसलीच. पोरं विचारतात, मॅडम कधी येणार? मी काय सांगू?”

“दाखला द्या म्हणजे येईल,” वडील म्हणाले. “महिना नऊ हजार देत होतात, तेवढं लिहून द्या.”

क्लासवाल्याने खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला. “देत होतो. हातात देत होतो. कागदावर कुठे देत होतो? उद्या मी नऊ हजार लिहून दिले, की परवा करवाले येऊन विचारणार, बाकीच्या सहा मॅडमचं काय? काका, मला मुलीसारखी आहे ती. तिचं मोलच होऊ शकत नाही. म्हणूनच आकडा घालता येत नाही.”

शेवटी त्याने जो दाखला दिला त्यात लिहिलं होतं, की सदर बाई इंग्रजीच्या आवडीपोटी क्लासला येत असत व विद्यार्थ्यांशी गप्पा मारत असत. त्यासाठी त्यांनी कधीही काही घेतलं नाही. खाली सही, शिक्का आणि ‘लवकर बरे व्हा’.

“म्हणजे उत्पन्न शून्य,” वकीलसाहेब म्हणाले. “आता तुम्हालाच साक्षीला उभं करतो. तुम्ही बाप आहात, घरात काय येत होतं ते तुम्हाला ठाऊक. विचारलं की सांगायचं, चौदा हजार. नऊ क्लासचे, पाच घरच्या शिकवण्यांचे. यात खोटं काही नाही ना?”

“नाही. चौदाच यायचे.”

“मग झालं. चौदा म्हणा आणि गप्प बसा.”

इथे वडिलांच्या धंद्याबद्दल सांगायला हवं. हमरस्त्यावरच्या वजनकाट्यावर ते एकतीस वर्षं बसत होते. माल भरलेला ट्रक काट्यावर चढे, ते भरलं वजन लिहीत. ट्रक रिकामा होऊन परत येई, ते रिकामं वजन लिहीत. मग वजाबाकी करून निव्वळ वजनाखाली दोन रेघा मारत आणि पावती फाडत. नुसतं भरलं वजन लिहून पावती द्या, म्हणून एकतीस वर्षांत कित्येक ट्रकवाल्यांनी त्यांच्या खिशात नोटा कोंबायचा प्रयत्न केला होता. त्यांनी खिसाच शिवून टाकला होता. ट्रकवाले त्यांना निव्वळराव म्हणत. अर्ध्या आदराने आणि अर्ध्या संतापाने.

साक्षीच्या दिवशी निव्वळराव इस्त्रीचा शर्ट घालून पिंजऱ्यात उभे राहिले. खरं सांगेन, खऱ्याशिवाय काही सांगणार नाही, अशी शपथ त्यांनी घेतली. शपथेने माणूस घाबरतो, ते खुलले. आपल्या कामाचंच वर्णन कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवतंय असं त्यांना वाटलं.

“मुलीचं महिन्याचं उत्पन्न किती?” वकीलसाहेबांनी विचारलं.

“चौदा हजार.”

“बस. एवढंच विचारायचं होतं,” वकीलसाहेब घाईघाईने बसले.

“भरलेलं,” वडील म्हणाले.

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “म्हणजे?”

“चौदा हे भरलेलं, मॅडम. रिकामं अजून वजा व्हायचंय.”

कंपनीचा वकील तरुण, नम्र आणि धोकादायक होता. तो अलगद उभा राहिला. “मॅडम, साक्षीदारांना पूर्ण बोलू द्यावं. काका, सावकाश सांगा हं. पाणी हवंय का?”

वडिलांना पाणी नको होतं. “बसचा पास नऊशे. फोन चारशे. चहा तीनशे. कपडे आणि इस्त्री सातशे, कारण मॅडम इस्त्रीतच हव्यात असा क्लासचा नियम होता. मुलांसाठी पुस्तकं आणि झेरॉक्स बाराशे, ते कोणी परत देत नसे. घरच्या शिकवण्यांतल्या दोन मुलांनी कधी पैसेच दिले नाहीत, ते दोन हजार. पाचात धरलेत, पण आलेले नाहीत. आणि घसा बसतो म्हणून गोळ्या, दीडशे. एकूण वजा पाच हजार सहाशे पन्नास. राहिले आठ हजार तीनशे पन्नास.”

वकीलसाहेबांनी डोळ्यांनी, भुवयांनी आणि शेवटी फाइलीने खुणा केल्या. पण काट्यावर ट्रक चढलेला असताना निव्वळराव इकडेतिकडे बघत नसत.

“आणि शिक्षणाचा खर्च?” कंपनीच्या वकिलाने हळूच विचारलं. इतक्या प्रेमाने त्या पदवीची चौकशी आजवर कोणी केली नव्हती.

“त्याकडेच येतोय,” वडील म्हणाले. “पाच वर्षांची फी, होस्टेल, पुस्तकं मिळून चार लाख तीस हजार. नोकरी करून चार वर्षं झाली, म्हणजे अठ्ठेचाळीस महिने. महिन्याला आठ हजार नऊशे अठ्ठावन्न.” त्यांनी हवेत बोटाने वजाबाकी केली. “निव्वळ वजा सहाशे आठ.”

आणि खाली दोन रेघा मारल्या.

टंकलेखकाने मान वर करून विचारलं, “वजा?”

“वजा,” वडिलांनी खात्री दिली.

कंपनीच्या वकिलाने मान झुकवली. “मॅडम, साक्षीदाराच्या प्रामाणिकपणाला आमचा नमस्कार. माझं एवढंच म्हणणं आहे, की काम थांबल्यापासून या कुटुंबाचे महिन्याला सहाशे आठ वाचताहेत. या हिशेबाने शिडी आमच्याकडून लागली हे खरं, पण देणं कोण कोणाला लागतं, हे बघावं लागेल.”

लोक हसले. मागच्या बाकावर आई बसली होती. तिला वाटलं, नवरा काहीतरी चांगलं बोलला असावा. तिने मुलीकडे पाहिलं. मुलगी वहीवर पेन टेकवून बसली होती आणि काहीच लिहीत नव्हती.

बाहेर व्हरांड्यात वकीलसाहेबांचा आवाज टायरच्या मशीनवर ताण करत होता. “चौदा म्हणा आणि गप्प बसा, असं सांगितलं होतं ना मी? गप्प बसायला काय जातं माणसाचं?”

वडील खांबाला टेकून उभे होते. आता कुठे त्यांच्या ध्यानात आलं होतं. “अहो, चौदा म्हणालो आणि तोंड मिटायला गेलो, तर ते मिटेना. नुसतं भरलं वजन सांगून मी आजवर काट्यावरून उठलेलो नाही हो.”

“तो ट्रक होता! ही पोर आहे!” आई एकदम म्हणाली. चार महिन्यांत ती पहिल्यांदा मोठ्याने बोलली होती. “तिच्या चहाचे तीनशे वजा केलेत तुम्ही? तिने चहा प्यायचा नव्हता?”

वडिलांनी खाली पाहिलं. मग ते मुलीला म्हणाले, “मॅडम, चुकलो मी.” घरात तिला ते लाडाने मॅडम म्हणत.

तिने वहीत लिहिलं, “गणित बरोबर आहे, बाबा.” तेच जास्त लागलं.

वकीलसाहेबांनी दोन फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या फेरीत ते थबकले. चेहरा उजळला. “पदवी काढून टाकू.”

“कुठून?” आईने विचारलं.

“अर्जातून. ऐका. ज्याच्या उत्पन्नाचा पुरावाच नाही, त्याला कोर्ट अकुशल मजुराचा सरकारी दर लावतं. आज तो आहे बारा हजार चारशे. गुणिले बारा, गुणिले सतरा, त्याचे पंचवीस टक्के, सहा लाख बत्तीस हजार होतात. ऑपरेशन होऊन वर उरतात. क्लासवाल्याने लिहूनच दिलंय, की ती नुसत्या गप्पा मारायला येत होती. वडिलांच्या साक्षीचं मी बघतो, त्यांच्याकडे एकही कागद नाही. मध्ये येते ती फक्त पदवी. तो कंपनीवाला म्हणणार, एम. ए. झालेल्या बाईला मजुराचा दर लावणं म्हणजे विद्येचा अपमान आहे. तो अपमान होऊ नये म्हणून तो तुम्हाला वजा सहाशे आठ देणार. पदवी नसेल, तर अपमान कोणाचा?”

“पण ती आहे ना,” वडील म्हणाले.

“आहे, पण आम्हाला तिचा काही आधार घ्यायचा नाही, असं लिहून द्यायचं. मुलगी घरी आईला शिलाईत मदत करते की नाही?”

“बटणं लावते,” आई म्हणाली. “सुट्टीच्या दिवशी आधीही लावायची.”

“झालं मग. अकुशल मजूर!” वकीलसाहेबांनी मुलीकडे इतक्या आनंदाने पाहिलं, जसं काही तिला बढती मिळाली होती. “एक प्रतिज्ञापत्र करायचं. पदवीपासून मला काही आर्थिक लाभ नाही, होण्याची शक्यता नाही, सबब तिचा विचार करू नये. तीन ओळी. आपल्या कोर्टात प्रतिज्ञापत्र इंग्रजीत लागतं, तेव्हा तूच लिहून आण. तेवढेच टायपिस्टचे पैसे वाचतील.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लिहायला बसली. समोर आई कोणाच्या तरी गणवेशाच्या शर्टांना काजं करत होती. पहिल्या तीन ओळी पाच मिनिटांत झाल्या. आई उठून चहा टाकायला गेली, परत आली, तरी मुलगी लिहीतच होती.

“तीन ओळीच म्हणाले होते ना गं?”

मुलीने मान हलवली आणि पुढे लिहीत राहिली. चार महिने ती वहीत ‘पाणी’, ‘हो’, ‘दुखत नाही’, ‘बिल किती झालं’ एवढंच लिहीत आली होती. दोन पानं भरली, तेव्हा आईच्या सहा शर्टांची काजं झाली होती.

त्या दोन पानांत तिने इंग्रजीत लिहिलं होतं: “ही पदवी मी नऊ वर्षं बाळगून आहे, पाच मिळवताना आणि चार मिळवल्यावर. भूक कशी असते हे तिने मला चार शतकांतल्या उदाहरणांसह शिकवलं, ती भागवायची कशी ते अभ्यासक्रमात नव्हतं. तिने माझ्या वडिलांचा फंड खाल्ला आणि त्यांनी तिला फ्रेम करून घराच्या एकमेव सुक्या भिंतीवर लावलं. घरभाडं भरायला, बस थांबवायला किंवा शिडी अडवायला तिचा उपयोग झाला नाही, हे मी शपथेवर सांगते. शिडी लागली तेव्हा मी एका मुलीला सांगत होते, की चुकीचं बोल, पण बोल. ते वाक्य अर्धंच झालं होतं. उरलेल्या अर्ध्या वाक्याची किंमत कोर्टाने धरू नये. ते मी तिला फुकट देत होते. क्लास सुटला होता.” पुढे असंच बरंच काही होतं, आणि शेवटी नियमाप्रमाणे, सबब पदवीचं मूल्य शून्य समजण्यात यावं.

वकीलसाहेबांनी ते वाचलं नाही. इंग्रजीशी त्यांचे संबंध ‘सबब’, ‘यास्तव’ आणि ‘न्याय व्हावा’ यांच्या इंग्रजी शब्दांपुरते होते. त्यांनी पानं मोजली, “जरा लांबलंय,” म्हणाले, आणि शेवटी ठेवणीतली एक ओळ टाईप करून घेतली: वरील मजकूर मला माझ्या वकिलांनी वाचून व समजावून सांगितला असून तो मला मान्य आहे. त्याखाली मुलीने सही केली.

तारीख पडली ती पाच आठवड्यांनी. ऑपरेशनला आता सोळा दिवस उरले होते. डॉक्टरांनी टेबल राखून ठेवलं होतं, आणि कोर्टाचा हुकूम दाखवला तर पैशांसाठी आठ दिवस थांबू, असंही कबूल केलं होतं. हुकूम मात्र त्याच दिवशी हवा होता.

न्यायाधीशबाईंनी पहिलं पान वाचलं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. पंखा फिरत होता. दुसरं पान झाल्यावर त्यांनी दोन्ही पानं नीट जुळवून समोर ठेवली. वकीलसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. आपण कशाखाली काय टाईप केलंय ते वाचायला हवं होतं, हे त्यांना तेव्हा सुचलं.

“हे कोणी लिहिलंय?” न्यायाधीशबाईंनी विचारलं.

कंपनीच्या वकिलाकडेही प्रत होती. तो उभा राहिला. या वेळी त्याच्या आवाजात नम्रपणा ओढूनताणून आणलेला नव्हता. “मॅडम, माझा आक्षेप आहे. काल रात्री मी हे बायकोला वाचून दाखवलं. हे लिहिणारी व्यक्ती अकुशल नाही. बटणं लावणारं माणूस असं लिहीत नाही.”

“मग कुशलाचा दर द्या!” वकीलसाहेब उडी मारून म्हणाले.

न्यायाधीशबाईंनी सरकारी दरपत्रक मागवलं. कुशल कामगारांची यादी त्यांनी स्वतः वाचली. त्यात गवंडी होता, वीजतंत्री होता, जोडारी होता, केस कापणारा होता. ज्याला चांगलं लिहिता येतं असा कोणी नव्हता.

“अडचण अशी आहे,” त्या म्हणाल्या. त्यांचा सूर मऊ होता. “हे अर्जदाराने स्वतः लिहिलं असेल, तर मला तिला अकुशल म्हणता येणार नाही. ते खोटं होईल. मग या शिक्षणाची बाजारात किंमत काय, यावर तज्ज्ञाचं मत मागवावं लागेल. विद्यापीठाला पत्र जाईल. उत्तराला पाच-सहा महिने तरी लागतील. आणि हे वकिलांनी लिहून तिने फक्त सही केली असेल, तर प्रश्नच नाही. मी आत्ता हुकूम करते.” त्यांनी मुलीकडे पाहिलं. “मुली, हे तू लिहिलंस का? वहीत लिहून दाखव. घाई नाही.”

मुलगी उभी राहिली. पेन कागदाला टेकलं आणि तिथेच थांबलं. आई पुटपुटत होती, तिला प्रश्न नीट कळला नव्हता. वकीलसाहेब छताकडे बघत होते. वडील तिच्या हाताकडे बघत होते. काटा स्थिर होईपर्यंत बघतात तसं.

तिने लिहिलं आणि वही वर धरली. “नाही.”

“वडील?” न्यायाधीशबाई म्हणाल्या. “तुम्ही खरं बोलणारे गृहस्थ आहात, तो अनुभव आम्हाला आहेच. हे कोणी लिहिलं?”

वडील उठले. त्यांच्या एकतीस वर्षांच्या ओळखीची कोणतीच वजाबाकी तिथे लागत नव्हती. ओठ हलले, बंद झाले, पुन्हा हलले. मुलीने मान फिरवून त्यांच्याकडे पाहिलं, तिच्या गळ्यावरचा टाक्यांचा व्रण दिसला.

“वकीलसाहेबांनी,” ते म्हणाले. “तिला कुठे येतंय असलं काही. बटणं लावते ती.”

न्यायाधीशबाईंनी पेनाचं टोपण काढलं. त्यांना काय वाटलं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. हुकमात तशी जागा नसते. कंपनीच्या वकिलाने तोंड उघडलं, मुलीच्या वहीकडे पाहिलं आणि तो खाली बसला. “आक्षेप मागे घेतो,” तो म्हणाला.

अकुशल मजूर, मासिक बारा हजार चारशे, एकूण सहा लाख बत्तीस हजार चारशे, तीस दिवसांच्या आत. पैकी वैद्यकीय खर्चाचे आठ दिवसांत. सही झाली, शिक्का बसला. वडिलांनी कठड्याला धरलेला हात सोडला, तेव्हा लाकडावर घामाची पाच बोटं उमटली होती.

“वकीलसाहेब,” फाइल मिटताना न्यायाधीशबाई म्हणाल्या, “इतकी वर्षं तुम्ही माझ्यासमोर उभे राहताय. तुमची लेखणी अशी आहे, हे कधी कळू दिलं नाहीत.”

वकीलसाहेबांनी छातीवर हात ठेवून मान लववली. “चालायचंच, मॅडम. आतून आलं की येतं.”

व्हरांड्यात इतर वकिलांनी वकीलसाहेबांना घेरलं. एकाने हात हातात घेतला, दुसऱ्याने प्रत मागितली. वकीलसाहेब सुरुवातीला संकोचले, मग शर्टाची कॉलर नीट करून, आपण शिडी कशी ‘आणली’ ते समजावून सांगू लागले. त्या घोळक्याच्या बाहेर, पाण्याच्या टाकीपाशी, तिघं उभी होती. वडील नळाखाली तोंड धूत होते. फार वेळ धूत होते.

आईने हुकमाचा कागद चार घड्या करून पिशवीत तळाशी ठेवला. तो नीट बसलाय ना, हे तिने दोनदा चाचपून पाहिलं. मग मुलीच्या जवळ येऊन म्हणाली, “काय गं, एवढं काय होतं त्यात? सगळे नुसते वेडे झालेत. तो कंपनीवाला म्हणे बायकोला वाचून दाखवत बसला होता. मी तुझ्यासमोर बसून काजं करत होते, आणि मला एक अक्षर माहीत नाही. मला वाचून दाखवशील? मराठीत करून?”

आणि लगेच तिचा हात स्वतःच्या तोंडावर गेला.

मुलीने वही काढली. “ऑपरेशननंतर,” तिने लिहिलं.

आईने मान डोलावली. घोळक्यातून वकीलसाहेबांचा आवाज येत होता. ते आता अर्ध्या वाक्याबद्दल बोलत होते. मुलीने तिकडे पाहिलं, पेन पुन्हा उघडलं आणि खाली आणखी दोन शब्द लिहिले.

“वकिलांना विचारून.”